जिप्सीला विंच लावल्यावर नाक खाली गेलंय: पाटे वाढवू की शॉक बदलू?

चिखलवाट
गाडी मारुती जिप्सी किंग, हार्डटॉप. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढायचं दोराचं यंत्र) मिळून ६० किलो चढलंय, नाक झुकलंय. टायर २०५/७० आर १५ काढून २१५/७५ आर १५ टाकायचेत. मागचा एक शॉक (शॉक अॅब्सॉर्बर) गळतोय. पाटेवाला (लीफ स्प्रिंगवाला) म्हणतो, चारी बाजूंना एकेक पाटा वाढवा, दोन इंच उंची मिळेल. दुसरीकडे पॅराबोलिक (टोकांकडे निमुळत्या) पाट्यांचा पूर्ण किट घ्या म्हणताहेत. गाडीत बहुतेक वेळा दोघंच. मुळशी-ताम्हिणीकडचे दगड आणि पावसाळ्यातला चिखल, एवढाच वापर. काय करावं?

सह्यकडा
मागे पाटा अजिबात वाढवू नका. रिकामी जिप्सी हजार किलोच्या आसपास, आणि पाटे अर्धा टन ओझं धरून बनवलेले. दोघंच बसता तेव्हा मागचे पाटे आधीच गरजेपेक्षा कडक असतात. आणखी एक घातलात की चाक खड्ड्यात उतरणार नाही, हवेत लटकेल. लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) नसेल तर तेच चाक गरगर फिरत बसेल आणि गाडी जागेवर.

आधी वजनकाट्यावर जा, पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा तोला. विंच एक्सलच्या पुढे लटकतो, त्यामुळे हिशेब ६० किलोचा राहत नाही. विंच एक्सलपासून ६० सेंमी पुढे धरला आणि व्हीलबेस २३७५ मिमी, तर पुढच्या एक्सलवर ७५ किलो वाढतात आणि मागचे १५ कमी होतात.

मग पाट्याचा कडकपणा. मागे एक्सलच्या बरोबर वर सिमेंटच्या ५० किलोच्या दोन गोण्या ठेवा. गाडी दोन-तीनदा दाबून सोडा (पाटे एकमेकांवर घासून अडकतात, तसंच मोजलंत तर आकडा खोटा येतो) आणि चेसिस किती बसली ते पाहा. प्रत्येक बाजूला ५० किलो आणि १५ मिमी बसली, तर साधारण ३३ किलो प्रति सेंमी. पुढचं मोजायला बंपर-विंच काढून एकदा आणि लावून एकदा उंची घ्या.

पुढे एक पाटा चालेल, पण त्याच जाडीचा. पाच पाट्यांत सहावा घातला की कडकपणा साधारण पाचव्या हिश्शाने वाढतो. जाडीचं गणित मात्र घनाचं आहे. ६ मिमीऐवजी ७ मिमीचा पाटा म्हणजे तो एकटा जवळपास ५९ टक्के जास्त कडक. पाटेवाले हाताला लागेल तो पाटा घालतात, तिथे उभे राहून व्हर्नियर लावा. आणि जुन्याच पाट्यांना तापवून कमान मारून देणार असतील तर नको. नीट टेम्पर झाले नाहीत तर थोड्याच दिवसांत पुन्हा सपाट.

बुशवाला
शॉकबद्दल. ‘दोन इंच लिफ्टचा शॉक’ असं मागू नका, लांबी मोजून मागा. जुने शॉक काढा, चेसिसला जॅक लावून चाकं पूर्ण लटकवा आणि वरच्या-खालच्या माउंटमधलं अंतर घ्या. नंतर एक चाक बंप स्टॉपला (चेसिसखालच्या रबरी अडसराला) टेकेपर्यंत वर चढवा आणि पुन्हा घ्या. नवा शॉक पूर्ण बंद झाल्यावर या दुसऱ्या मापापेक्षा किमान १५-२० मिमी आखूड हवा, पूर्ण उघडल्यावर पहिल्या मापापेक्षा थोडा लांब. बंद लांबी जास्त पडली तर बंप स्टॉपच्या आधी शॉक टेकतो आणि चेसिसवरचं माउंट फाटतं.

जड एसयूव्हीचा शॉक जिप्सीला बसवू नका. रिबाउंड (शॉक परत उघडतानाचा रोध) इतका कडक की दाबलेला पाटा पुढच्या दगडाआधी परत उघडतच नाही, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी स्टॉपवर आपटते. दोन्ही मागचे शॉक जोडीने बदला. खराब रस्त्यानंतर चारही शॉकना जपून हात लावून पाहा. एखादा थंडच असेल तर तो काम करत नाही.

सह्यकडा
दोन इंच उंची हवीच कशाला? नव्या टायरने व्यास ३५ मिमी वाढतो, म्हणजे एक्सलखाली १८ मिमी मिळाले. पाट्यांनी चेसिस वर जाते, डिफरन्शियल (एक्सलमधला फुगीर गोळा) आहे तिथेच राहतं. टायर कुठे घासतात ते आधी बघा.

लांब शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीच्या) नादी लागू नका. ५० मिमी लांब शॅकलने मिळतात फक्त २५. जिप्सीत पुढची शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते, ती लांबवली की कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागे कललेला कोन) कमी होतो आणि हायवेवर स्टिअरिंग भरकटतं. ब्रेकचे होज लटकलेल्या चाकाला पुरतात का, तेही तपासा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीतल्या फेरफारांबद्दलचं) वेगळंच, पासिंगला अडकू शकता.

चिखलवाट
आणि पॅराबोलिक? पाट्यांमध्ये ग्रीस भरू का?

बुशवाला
पॅराबोलिक पाटे फक्त मध्ये आणि टोकांना टेकतात, घर्षण कमी, चाक छान लवतं. पण ते घर्षणच जुन्या पाट्यांत बरंचसं डॅम्पिंग करतं (झोके आवरतं), म्हणून सोबत जुळणारे शॉक घ्यावेच लागतात. तुमच्या वापराला आत्ताच एवढा खर्च नको. मागचा पाट्यांचा गट्टा मऊ करायचा मोह झाला तर सगळ्यात खालचा आखूड पाटा काढा, मेनच्या लगेच खालचा दुसऱ्या नंबरचा नाही. मेन पाट्याचा डोळा (टोकाचं कडं) तुटला तर तोच आधार.

बसवताना यू-बोल्ट (पाटे एक्सलला आवळणारे) नवे घ्या, शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. सैल यू-बोल्टमुळे सेंटर बोल्ट (पाटे मधोमध जोडणारा) कापला जातो आणि एक्सल मागे सरकतो. रबर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना आवळा. लटकवून आवळलेत तर रबर कायम पिळलेलं राहून फाटतं.

ग्रीस नको. चिखल धरून ठेवतं आणि पाटे घासून खातं. धुवा, वाळवा, टोकांना ग्रॅफाइटचा पातळ हात द्या.