अनुभव धागा : विद्यापीठाचे संशोधन तुमच्या दारी आले तेव्हा

शेतकरी आत्महत्यांवरचा टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आला, तेव्हापासून विषमतेवरील विद्यापीठीय संशोधनाची आपल्याकडे बरीच चर्चा होते. परंतु ती बहुधा निष्कर्षांची असते. प्रश्नावली घेऊन हिंडलेल्यांनी आणि ओसरीवर बसून उत्तरे दिलेल्यांनीही आपले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

अभियंता, ठाणे : मुंबईला पाणी देणारे भातसा आणि तानसा हे जलाशय शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो. आयआयटी मुंबईत १९८५ पासून चालणाऱ्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रात शिकत असताना एका बंद नळपाणी योजनेचा अभ्यास माझ्याकडे आला. कागदोपत्री योजना पूर्ण होती. उंची मोजत वर गेलो, तेव्हा शेवटचा पाडा टाकीच्याही वर असल्याचे दिसले. तेथे पाणी पोहोचणे शक्यच नव्हते. टाकीचे बांधकाम चालू असतानाच तिथल्या बायका हे सांगत होत्या. आम्ही नवे काही शोधले नाही, त्यांचे म्हणणे मीटरमध्ये मांडले, आणि मीटरमध्ये मांडल्यावरच ते कार्यालयात ऐकले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

शेतकरी कुटुंबातील वाचक, यवतमाळ : वडिलांनी आत्महत्या केली, पण सातबारा आजोबांच्या नावावर आणि कर्ज बिनपरवाना सावकाराचे, म्हणून आमचे प्रकरण मदतीसाठी अपात्र ठरले. ही अडचण एका संशोधकाने नीट लिहून घेतली. अहवाल इंग्रजीत निघाला. मी तो आईला मराठीत समजावून सांगितला, तेव्हा तिने कर्जाच्या आकड्यात दुरुस्ती सुचवली.

समाजकार्यकर्ती, मुंबई : पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्ती बसवणारा, स्त्रिया व बालकांसाठीचा विशेष कक्ष टाटा संस्थेने १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला आणि पुढे राज्य शासनाने तो जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. संशोधन शासकीय व्यवस्थेत रुजल्याचे याहून ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

शिक्षिका, बीड : ऊसतोड मजुरांच्या मुलांवर पीएच.डी. करणारे आमच्याकडे नेमके जानेवारीत येतात, जेव्हा जोडपी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, फेडायला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात. मग मागे राहिलेल्या आजी-आजोबांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात. एक विद्यार्थिनी मात्र टोळीच्या मागोमाग गेली आणि कारखान्याजवळच्या कोप्यांत, म्हणजे मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांत, राहिली. पहाटे बायका फडावर जात, त्यामुळे रात्री भाकरी थापता थापता त्या जे बोलत तेच तिला टिपता येई. आमच्या हजेरीत गैरहजर आणि तिकडच्या कोणत्याही पटावर नसलेल्या मुलांची यादी तिने नावानिशी आणून दिली. त्या यादीच्या आधारे आम्ही हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवला. मंजुरी आली ती पुढच्या दिवाळीनंतर, टोळ्या निघून गेल्यावर.