मदत हवी आहे: फुकटात हवेली मिळाली तर कुठली घ्यावी? (अव्वाला पटली पाहिजे)

शेंगाचटणी

नमस्कार मंडळी. प्रश्न वाचून हसाल, पण रविवारच्या आत उत्तर हवंय आणि पुढच्या हुरडा पार्टीचा खर्च पणाला लागलाय.

परवा रात्री लाइट गेली. विजापूर रोडला आमचा शेवटच्या मजल्यावरचा फ्लॅट, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यातलं सोलापूर ज्यांनी काढलंय त्यांना वेगळं सांगायला नको. दिवसभर 42-43 अंश ऊन प्यायलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत ते ओकत असतो. सगळे चटया घेऊन गच्चीत गेलो. गच्चीवरही चार बादल्या पाणी मारल्याशिवाय पाय ठेववत नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, त्यामुळे त्या चार बादल्या ओतायच्या की नाही यावरून अव्वा आणि दाद्याचं जुंपलं. (अव्वा म्हणजे बाबांची आई, ऐंशीच्या पुढची, निम्मं बोलणं कन्नडात. दाद्या माझा चुलत भाऊ.) शेवटी दाद्या वैतागून म्हणाला, "मला एक वाडा द्या बे कुणीतरी, जाड भिंतींचा. फुकट."

तिथून खेळ सुरू झाला. देशातली कुठलीही एक जुनी हवेली फुकट मिळणार, सामानसुमानासकट. विकायची नाही, हॉटेल करायचं नाही, भाड्यानं द्यायची नाही. आम्ही नऊजणांनी बारा महिने तिथंच राहायचं आणि डागडुजी आपल्या खिशातून. प्रत्येकानं एक घर निवडून अव्वाला पटवायचं. जिचं किंवा ज्याचं अव्वाला पटणार नाही त्यांनी मिळून जानेवारीत सगळ्यांना हुरडा खायला न्यायचं. दाद्यानं बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडाच मागितला. अव्वानं विचारलं, "झाडणार कोण?" तो तिथंच बाद.

माझ्या यादीत तीन आहेत. पहिली चेट्टिनाडची, कारैकुडीच्या आसपासच्या गावांतली. ब्रह्मदेशातल्या सागाचे खांब, एकामागोमाग एक चौक, पुढचं दार एका रस्त्यावर तर मागचं दुसऱ्यावर. दुसरी राजस्थानातली शेखावाटीची, नवलगढ किंवा मंडावा, जिथं भिंतींवर हत्ती-घोड्यांच्या शेजारी आगगाडी आणि मोटारही रंगवलेली असते. तिसरी गोव्यातली, सासष्टीतली, नाचाचा दिवाणखाना असलेली. नाचणार कुणी नाही आमच्यात, पण असावा.

तिन्ही अव्वाला फोनवर फोटो दाखवून वर्णन करून सांगितल्या. तिनं प्रत्येक वेळी एकच विचारलं: "नीर यल्लैती?" पाणी कुठाय? मला एकाही घराचं उत्तर देता आलं नाही. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते, मला धाग्याचं काउंट विचारा.

तर ज्यांनी ही घरं आतून बघितलीत किंवा त्या भागात राहिलेत त्यांनी सांगा: पाण्याची सोय काय असते? उन्हाळा कसा जातो? आणि नऊ माणसांत कामवाली न लावता अशी हवेली झाडून होते का?

---

बाळीवेसकर

ताई, कशाला बे इतक्या लांब जायचं. आपलं इंद्रभुवन घ्या की. अप्पासाहेब वारदांनी काय कमी हौसेनं बांधलंय? दगडातली ती नक्षी बघायला मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. महापालिकेला दुसरी जागा देऊ आपण, खेळच आहे म्हटल्यावर.

हुरड्याला मला बोलवा. शेंगा चटणी घेऊन येतो.

---

शेंगाचटणी

इंद्रभुवन सुचलं होतं हो. दाद्या म्हणाला, रोज हजारभर माणसं दाखले मागायला दारात येतील, त्यांना चहा कोण देणार.

---

मुक्काम_पोस्ट

कामानिमित्त कारैकुडीजवळ दोन वर्षं काढली आहेत, म्हणून लिहितो.

उन्हाळा तिथंही कडक, फक्त आपल्यासारखा कोरडा नाही, घाम येतो. घर मात्र गार राहतं. भिंती जाड, छत उंच, आणि चौकातून गरम हवा वर निघून जाते. भिंतींचा गिलावा हात लावून बघण्यासारखा असतो. चुन्यात अंड्याचा पांढरा बलक आणि बाकी काय काय घालून थरावर थर द्यायचे आणि घोटत राहायचं. शेवटचा थर संगमरवरासारखा गुळगुळीत लागतो. मी ज्या घरी जायचो तिथल्या आजीबाई दुपारी त्या भिंतीला पाठ लावून बसायच्या. पंखा असून लावायच्या नाहीत.

फरश्या अत्तंगुडीच्या. काचेवर रंगीत सिमेंट ओतून एकेक फरशी हातानं करतात, भट्टीत भाजत नाहीत, पाण्यात मुरवतात. काचेवर ओतल्यामुळेच तिला ती चकाकी येते. आणि गंमत म्हणजे अनवाणी वावर असेल तर ती वाढत जाते. बंद घरातल्या फरश्या निस्तेज दिसतात.

पाण्याबद्दल: छपरांचा उतार आत चौकाकडे असतो. पाऊस चौकात पडतो, तिथून भांड्यांत, विहिरीत, आणि उरलेलं गटारांवाटे गावच्या तळ्याकडं. त्या तळ्यांना ऊरणी म्हणतात. आमच्या गल्लीतल्या बायका पहिल्या पावसाला चौकात पितळेची भांडी मांडायच्या.

आता अडचण. ही घरं बांधणारे नगरत्तार चेट्टियार ब्रह्मदेश, सिलोन, मलाया इथं सावकारी करायचे. 1942 मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि पैशाचा ओघच आटला. पुढं घरं राहिली आणि वारस वाढत गेले. एका घराला चाळीस-पन्नास वारस, कुणी चेन्नईत, कुणी सिंगापुरात. लग्नाकार्याला कुलूप निघतं, पाहुणे जेवतात, परत कुलूप. तुमच्या खेळात वारस येतात का ते दाद्याला विचारून घ्या.

झाडण्याबद्दल: नऊजणांत होणार नाही. चौक आणि पुढची ओसरी झाडा, बाकीची दारं लावून घ्या. तिथंही तेच करतात.

एक विसरलो. तिथं लग्न झालेल्या प्रत्येक मुलाला चौकाभोवतीची एक खोली आणि चूल मात्र वेगळी. सगळे एकाच छपराखाली, पण सुनांचे स्वयंपाक आपापले.

---

चुन्याची_निवळी

पेशानं जुन्या इमारतींची दुरुस्ती बघते. मुक्काम_पोस्ट यांनी सांगितलं त्यात भर एवढीच, की चुन्याच्या भिंतीवर कधीही सिमेंटचा गिलावा मारू नका. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर टाकतो. सिमेंट ती आत कोंडतं, मग पोपडे सुटतात आणि मालक चुन्याला शिव्या देतो. "आपल्या खिशातून डागडुजी" हा नियम कुणी केला? गवंडी मिळणं हाच मोठा खर्च आहे. चुना घोटणारे हात आता मोजके उरलेत.

शेखावाटी अव्वांसाठी नको. चुरू त्याच पट्ट्यात येतं. 1 जून 2019 ला तिथं 50.8 अंश नोंदले गेले. थंडीत फतेहपूरचा पारा शून्याखाली जातो. म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यावर उतारा म्हणून तुम्ही त्याहून मोठा उन्हाळा निवडताय, वर हिवाळा फुकट! चित्रं मात्र अप्रतिम. ज्या व्यापाऱ्यांनी ती काढून घेतली ते स्वतः कलकत्त्या-मुंबईत कमवत होते आणि गावाकडच्या भिंतींवर दिमाख दाखवत होते. पाणी खोल विहिरींचं. तिथल्या विहिरींना चार कोपऱ्यांत चार मिनार बांधलेले असतात, लांबून येणाऱ्या तांड्यांना दिसावेत म्हणून. पाणी किती दुर्मीळ असेल ते त्या मिनारांवरूनच कळतं.

---

दर्यावर्दी

सासष्टीतला आहे, गोव्याबद्दल मी लिहितो.

पाण्याची काळजी नको. तुमच्याकडे वर्षात पडतो त्याच्या चार-पाच पट पाऊस आमच्याकडं पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. घराघरात विहीर. काळजी उलटी आहे: पाणी बाहेर कसं ठेवायचं. दरवर्षी पावसाआधी कौलं चाळावी लागतात, फुटकी बदलावी लागतात. एक वर्ष चुकलं की वासा कुजतो, वाळवी लागते. जांभ्याच्या भिंती गिलावा निघाला की पाणी पितात. आलमारीतल्या कपड्यांना बुरशी, पुस्तकांना बुरशी, चपलेला बुरशी. कोरड्या हवेत वाढलेल्या माणसाला जुलैत वेड लागेल.

पण खिडक्या बघायला या. काचेच्या जागी शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटीत बसवलेले असतात. बाहेर टळटळीत ऊन असलं तरी आत दुधासारखा उजेड येतो.

चांदोरचा ब्रागांझांचा वाडा बघितलात का? बाहेरून एक, आतून पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग, एकाच घराण्याच्या दोन शाखांचे. आमच्याकडचा पोर्तुगीज काळापासूनचा कायदाही लक्षात ठेवा. नवरा-बायकोची मालकी साधारण निम्मी-निम्मी, आणि निम्म्या मालमत्तेवर मुलांचा हक्क मृत्युपत्रानंही काढून घेता येत नाही. त्यामुळे घरं मोडीत निघत नाहीत पण कुणा एकाची होतही नाहीत.

---

पोळातली_सून

तीनच का? अहमदाबादच्या पोळांमधली हवेली राहिली ना!

मी माहेरची पंढरपूरची, सासर अहमदाबादचं. पोळ म्हणजे फाटक असलेली गल्ली. आमच्या जुन्या घरात चौकाच्या फरशीखाली टांकं आहे, म्हणजे पावसाच्या पाण्याची बंद टाकी, आतून चुन्यानं लिंपलेली. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचं, गच्ची धुऊन निघते. मग नळीचं तोंड टांक्याकडं वळवायचं. आत ऊन जात नाही म्हणून शेवाळ धरत नाही. वर फरशीत बशीएवढं झाकण, ते उघडून तांब्याच्या बादलीनं पाणी काढायचं. पुढच्या पावसाळ्यापर्यंत प्यायला पुरायचं, असं सासूबाई सांगतात. पहिल्यांदा प्यायले तेव्हा वाटलं पाण्याला चवच नाही. आपल्याला क्षाराची सवय ना.

वाईट बाजू: घर उभं आणि अरुंद, जिने शिडीसारखे. ऐंशीच्या बाईला वरचे मजले बंद. आणि शेजारी काय फोडणी दिली ते वासावरून कळतं. 2017 मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हापासून दारात फोटो काढणारे पाहुणे वेगळे.

---

शेंगाचटणी

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. काल रात्री गच्चीत सगळं अव्वाला वाचून दाखवलं. जे झालं ते जसंच्या तसं सांगते.

शेखावाटी ऐकूनच तिनं हात झटकला. गोवा म्हटल्यावर, "कपड्याला बुरशी? नको." दर्यावर्दी, शिंपल्याच्या खिडक्या तिनं फोटोत दोन बोटांनी मोठ्या करून बघितल्या हो, पण निकाल बदलला नाही.

टांक्याचं ऐकून मात्र उठून बसली. बशीएवढं झाकण, तांब्याची बादली, सगळं दोनदा वाचायला लावलं. मी म्हटलं जिंकले. मग म्हणाली, "आत उतरून धुणार कोण?"

मग दाद्यानं आपलं घोडं पुढं केलं. म्हणाला, जाऊ दे सगळं, अव्वाला आपलं अक्कलकोटकडचं माळवदाचं घरच पाहिजे असणार. आम्हालाही तेच वाटत होतं. ते घर चार भावांत वाटलं गेलं, चौकात भिंत आली, आता दोन वाट्यांवर स्लॅब आहे. आम्ही लहानपणी भिंतीतल्या बळदात ज्वारी बघायचो आणि साण्यातून पडणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात धूळ नाचवायचो. मे महिन्यात तिथं गोधडी घेऊन झोपल्याचं मला आठवतं.

अव्वा म्हणाली, तुला गोधडी आठवते कारण तू लहान होतीस. दरवर्षी मृगाच्या आधी पांढरी माती आणून माळवदावर पसरावी लागायची, ती तिनं आणि तिच्या जावांनी पाट्यांनी वाहिली. पाऊस लागला की रात्री-बेरात्री वर जाऊन, जिथं गळतंय तिथं पायानं माती दाबायची. एकदा थोरले काका पोटात असताना गेली होती. खाली पुरुष मंडळी पातेली कुठं ठेवायची ते सांगत होती. हे तिनं आम्हाला आजवर कधी सांगितलं नव्हतं. बाबा पण गप्पच होते.

मग म्हणाली, "ते वेगळ्या चुलीचं परत वाच."

मी वाचलं. एकच छप्पर, प्रत्येक सुनेची चूल वेगळी. अव्वा इतकी हसली की तिला ठसका लागला. तीन जावा, एक सासू आणि एक चूल, चौदा वर्षं, म्हणे. चेट्टिनाडचंच घ्या. पण चौकाच्या खाली अहमदाबादवालं टांकं करून घ्या, आणि ते धुवायला दाद्या उतरेल.

दाद्याचं म्हणणं, दोन घरांची भेसळ नियमात बसत नाही, सबब कुणीच जिंकलं नाही आणि हुरड्याचा खर्च सगळ्यांत वाटून. मी म्हणते टांकं ही डागडुजी आहे, आणि डागडुजीला परवानगी आहे. चुन्याची_निवळी, तुम्ही पेशातल्या आहात, एवढा निवाडा द्या: जुन्या घरात टांकं खोदलं तर ती डागडुजी की नवं बांधकाम?

सावकाश लिहा. आत्ता नळ फुसफुसायला लागलाय, पिंपं भरायची आहेत.