पहिली पंप-अ‍ॅक्शन शॉटगन: नवी घ्यावी की वापरलेली?

मिशिगनवासी (धागाकर्ता)

अमेरिकेत स्थायिक झालेले आपल्यातले काही जण रानपाखरांच्या शिकारीकडे आणि मातीच्या तबकड्यांवरील नेमबाजीकडे वळू लागले आहेत, आणि पहिली बंदूक कोणती घ्यावी, असे ते विचारतात. माझे मत असे की, नव्या स्वस्त पंप-अ‍ॅक्शनसाठी, म्हणजे नळीखालची पकड मागे-पुढे ओढून पुढचे काडतूस भरणाऱ्या बंदुकीसाठी, जे पैसे मोजणार, त्यांत थोडी भर घालून चांगल्या स्थितीतली जुनी रेमिंग्टन ८७० विंगमास्टर घ्यावी. १९५० साली बाजारात आलेल्या या बंदुकीचा रिसीव्हर (यंत्रणा ज्यात बसते तो मधला सांगाडा) पोलादाच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेला असतो. फोरएंडला (त्या पकडीला) यंत्रणेशी जोडणाऱ्या दोन पट्ट्या असल्यामुळे तो तिरका ओढला गेला तरी अडखळत नाही, आणि पन्नास वर्षे वापरलेल्या नगाची जी सलग, गुळगुळीत चाल हाताला जाणवते, ती आजच्या स्वस्त बंदुकीत मिळणे कठीण आहे.

मात्र १९८७ मध्ये याच कंपनीने आणलेली एक्स्प्रेस ही स्वस्त आवृत्ती निराळी समजावी. तिच्या नंतरच्या काळातील नगांचे चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) खडबडीत असून झाडलेले काडतूस त्यात चिकटून बसते, अशी तक्रार पुष्कळ वापरकर्त्यांनी केली आहे.

घेण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, मॅगझिनच्या (काडतुसे साठवणाऱ्या खालच्या नळीच्या) टोकाचे झाकण फिरवून नळी काढावी आणि उजेडाकडे धरून आतून पाहावी. आतल्या चकाकीत कोठे काळसर कडे दिसले, तर त्या जागी नळी फुगलेली आहे असे समजून व्यवहार तेथेच थांबवावा. त्यानंतर नकली (दारू नसलेली) काडतुसे भरून फोरएंड आधी सावकाश आणि मग जोराने चालवून पाहावा. दोन्ही वेळी काडतूस स्वच्छ बाहेर पडले पाहिजे.

सह्यकडा

आपल्या मताशी मी ठामपणे असहमत आहे. ही सारी तपासणी ज्याला जमते, त्याला सल्ल्याची गरजच नसते. ज्याने आयुष्यात कधी नळीतून डोकावून पाहिलेले नाही, त्याला काळसर कडे आणि साचलेली काजळी यांतला फरक कसा कळणार? ८७० चा इजेक्टर (झाडलेले काडतूस बाहेर फेकणारा भाग) रिसीव्हरच्या आत रिव्हेटने बसवलेला असतो. तो मोडला तर काम गनस्मिथकडेच (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडेच) जाते आणि स्वस्तात साधलेला सौदा महाग पडतो. दुसऱ्या कंपनीच्या मॉसबर्ग ५०० चा इजेक्टर एका स्क्रूवर बसतो आणि तो घरी बदलता येतो.

मॉसबर्गच्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिसीव्हरला नाके मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, या दोन्ही बंदुकांत बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) थेट नळीच्या मागच्या वाढीव भागात अडकतो, त्यामुळे बार उडताना येणारा दाब रिसीव्हरला पेलावा लागत नाही. मॉसबर्गचीच मॅव्हरिक ८८ नवी कोरी घेतली, तरी आजच्या नव्या विंगमास्टरच्या निम्म्याहून कमी खर्च येतो आणि कंपनीची वॉरंटीही मिळते. वापरलेल्या बंदुकीमागे कोण उभे राहणार? रेमिंग्टन २०१८ आणि २०२० अशी दोनदा दिवाळखोरीत गेली, आणि न्यूयॉर्क राज्यातील इलियनचा तिचा ऐतिहासिक कारखाना २०२४ मध्ये बंद झाला.

पाणथळ

मी बदकांची शिकार करतो, म्हणून कोणीच न मांडलेला मुद्दा मांडतो. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्‍यांना १९९१ पासून अमेरिकाभर बंदी आहे. जुन्या विंगमास्टरची नळी बहुधा पक्क्या फुल चोकची (तोंडाशी कायमची खूप अरुंद केलेली) असते, आणि तिच्यातून पोलादी छर्रे झाडल्यास चोकच्या जागी नळीला कडे उठू शकते. पुष्कळ जुन्या नगांचे चेंबर पावणेतीन इंची असते, तर बदकांसाठी आज सर्रास तीन इंची काडतुसे वापरली जातात. बदलता येणारे चोक असलेली नवी बंदूक हेच येथे शहाणपणाचे आहे.

मिशिगनवासी

पाणथळ यांचा आक्षेप रास्त आहे, पण त्यावर उपाय आहे. ८७० ला बदलत्या चोकची नळी काही मिनिटांत बसवता येते. फक्त चेंबर नळीत असते आणि इजेक्टर रिसीव्हरमध्ये, त्यामुळे पावणेतीन इंची रिसीव्हरवर तीन इंची नळी चढली, तरी लांब काडतूस नीट बाहेर फेकले जाईल याची खात्री नसते. बारा बोअरच्या नगाचा अनुक्रमांक ‘एम’ या अक्षराने संपत असेल, तर तो तीन इंची मॅग्नम रिसीव्हर होय. ‘व्ही’ असल्यास पावणेतीन इंची काडतुसांवरच राहावे. तबकड्यांसाठी आणि फेझंटसाठी तेवढे पुरेसे आहे.

सह्यकडा यांच्या वॉरंटीच्या मुद्द्याने मात्र माझे समाधान होत नाही. जी बंदूक तीन पिढ्यांनी वापरूनही नीट चालते, तिची परीक्षा आधीच झालेली असते.

ओहायोकर

वापरलेली बंदूक घेतली की कागदपत्रे टळतात, हा समज येथे कोणाचा असल्यास तो दूर व्हावा. परवानाधारक दुकानातून नवी घ्या वा जुनी, ४४७३ क्रमांकाचा फॉर्म आणि पार्श्वभूमी तपासणी तीच असते. खासगी व्यवहाराचे नियम राज्यागणिक बदलतात. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना तर सर्वसाधारणपणे बंदूक बाळगताच येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातील एक प्रमुख अपवाद आहे. नवी-जुनी हा वाद त्यांनी त्यानंतर घालावा.

सह्यकडा

ओहायोकर यांचे आभार. मिशिगनवासी, तीन पिढ्यांनी ती बंदूक कशी वापरली, पावसात भिजल्यावर पुसली की तशीच कपाटात ठेवली, हे विकणारा सांगत नाही. माझा आक्षेप तेवढाच आहे.

पाणथळ

वापरलेलीच घ्यायची, तर जुन्या मॉसबर्गचाही विचार करावा. मात्र १९७० च्या आधीच्या ५०० ला एकच पट्टी आहे. दुसरी पट्टी रेमिंग्टनचे पेटंट संपल्यावर आली. फोरएंड काढला की पट्ट्या मोजता येतात. एकच दिसली, तर विंगमास्टर घ्यावी, आणि तेवढ्यापुरते मी मिशिगनवासींच्या बाजूने आहे.