गावात चित्रांसाठी खोली मिळाली, पण माणसं आत येत नाहीत. काय करावं?

धानपट्ट्यातला चित्रकार
नमस्कार मंडळी. माझं गाव चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळ, पक्कं धानाचं. नागपुरात चित्रकला शिकून परत आलो. ग्रामपंचायतीनं जुन्या शाळेची कौलारू खोली वापरायला दिली. मार्चमध्ये तीन दिवस प्रदर्शन लावलं. माझी आणि आसपासच्या ४ पोरांची मिळून २२ चित्रं. आली ११ माणसं, त्यातले ७ शिक्षक.

बाकीचे दारापर्यंत यायचे, चपला काढायच्या की नाही या विचारात घुटमळायचे आणि परत फिरायचे. एक आजी मात्र उंबऱ्याशी बराच वेळ उभी होती. "पैसे लागतात का जी?" नाही म्हटल्यावर आत आली. रोवण्याच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चित्रापाशी थांबली, बोट लावून म्हणाली, "पऱ्ह्यांची पेंडी डाव्या हातात राहते बापू. तू उजव्यात देली." रोपांची जुडी मी उजव्या हातात दाखवली होती, खरंच चुकलं होतं. इतकी नेमकी चूक मला आजवर कुणी दाखवली नव्हती.

तेव्हापासून तीच डोळ्यासमोर आहे. मुंबईच्या जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षं लागतात. नागपूरला चित्रं न्यायची तर गाडीभाडं परवडत नाही, आणि तिथं ही आजी येणार नाही. माझी चित्रं तिनं बघावीत, तिच्यासारख्या सगळ्यांनी बघावीत. कसं जमवू?

पडदेवाला, वडसा
भाऊ, मी झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे पडदे रंगवतो. आपल्याकडे मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, आणि रात्री हीच माणसं तिकीट काढून पहाटेपर्यंत नाटक बघतात. यांना कलेची आवड नाही असं मनात आणू नको. मंडईत दिवसभर माणसं हिंडत असतात. नाटकाच्या मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवर तुझी चित्रं उभी कर. तिथं उंबरा नाही, चपलांचा प्रश्न नाही. खोलीचं नंतर बघ.

वर्ध्याची कलाशिक्षिका
पडदेवाले दादा म्हणतात ते गांधीजींनी करून दाखवलंय. १९३८ च्या काँग्रेसच्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांना बोलावलं. बोसांनी विद्यार्थ्यांना घेऊन चारशेच्या आसपास चित्रं केली. विषय साधे: ढोलकीवाला, सुतार, घरकामातल्या बाया. ती लावली अधिवेशनाच्या जागी, उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्या खेडुतांना दिसतील अशी. त्यातली कित्येक आज दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहेत.

पण खोली सोडू नका, हे कळकळीनं सांगते. माझी शाळेतली मुलं चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा देतात आणि तिथंच थांबतात. मोठा कागद पसरायला घरात जागा नसते, हंगामात तर अर्धं घर कापसानं भरलेलं. दाखवायला मंडई चालेल, काम करायला छप्परच लागतं.

भंडाऱ्याहून
थोडं कामाचं. कौलारू खोलीत ओल असणारच. चित्रं भिंतीला टेकवू नका. बुरडाकडून बांबूचे तट्टे विणून घ्या आणि भिंतीपासून वीतभर पुढं उभे करा, मागून हवा खेळली पाहिजे. हेच तट्टे मंडईत नेता येतील. कागदावरची चित्रं पावसाळ्यात तिथं ठेवूच नका, काचेच्या आत बुरशी धरते. माझी ७ अशीच गेली. आणि खोली तोंडी मिळाली असेल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या. आमच्याकडे सरपंच बदलले आणि चित्रांच्या जागी खताच्या गोण्या आल्या.

धानपट्ट्यातला चित्रकार
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बुरडाच्या घरी जाऊन आलो, ६ तट्टे सांगितले. ठरावाचा अर्ज लिहायला घेतलाय. ताई, तुमचं पटलं, रविवारी खोली पोरांना चित्रं काढायला उघडी ठेवतो, आणि दारावर मोठ्या अक्षरात लिहितो, "चपला घालूनच आत या."

आमची मंडई पुढच्या महिन्यात. पेंडी डाव्या हातात घेतली आहे. ते चित्र पहिल्या तट्ट्यावर लावतो आणि आजीला घरी जाऊन सांगून येतो.