चहाच्या भांडणात विजेचाही वाटा आहे
अमेरिकन लोक चहाचं पाणी मायक्रोवेव्हमध्ये तापवतात ते त्यांना चहाची कदर नाही म्हणून, हे मत अन्यायकारक आहे. खरं कारण बरंचसं विजेत आहे. ब्रिटनमध्ये 230 व्होल्ट आणि 13 अँपिअरचा प्लग, त्यामुळे पाणी उकळायची 3000 वॉटची विजेची किटली सहज चालते. लिटरभर पाणी सव्वादोन-अडीच मिनिटांत उकळतं. अमेरिकेत 120 व्होल्ट आणि नेहमीचं सॉकेट 15 अँपिअरचं. किटली जेमतेम 1500 वॉटची, म्हणजे वेळ दुप्पट.

मायक्रोवेव्हची अडचण वेगळीच आहे. कपातलं पाणी वर कढत आणि तळाशी त्यापेक्षा थंड राहतं, चहाचा अर्क नीट उतरत नाही. गुळगुळीत कपात तर पाणी बुडबुडे न येताच उत्कलनबिंदूच्या पुढे जाऊ शकतं आणि चहाची पिशवी टाकताच उसळतं. म्हणून कपात लाकडी काडी ठेवून तापवा, ढवळा, मगच पिशवी टाका, 3 ते 5 मिनिटं.

जानेवारी 2024 मध्ये एका अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी चहात किंचित मीठ सुचवलं, तर ब्रिटनमध्ये एवढा गदारोळ झाला की लंडनच्या अमेरिकन दूतावासानं पत्रक काढलं. शास्त्र मात्र बाईंच्या बाजूनं आहे: सोडियम कडवटपणा दाबतो. फक्त मीठ जिभेला कळेल इतकं नको.