एका स्लॅशने ४२ कीर्तने पुसली: दोष न वाचणाऱ्याचा की कमांडचा?

दांडियाबाजार

परवा वडोद्यातील आपल्या या चर्चेत (येथे प्रत्येक जण आपल्या भागाच्या नावाने लिहितो) एक टिपण आले की, ‘आरसिंक गोंधळाचे आहे असे म्हणणारे लोक मॅन पेज न वाचता कमांड चालवतात आणि मग गळा काढतात.’ आरसिंक म्हणजे एका फोल्डरची प्रत दुसरीकडे जुळवून ठेवणारी, टाइप करून चालवायची कमांड, आणि मॅन पेज म्हणजे कमांडची माहितीपुस्तिका. त्या टिपणाला सविस्तर उत्तर देणे मला भाग आहे, कारण मी मॅन पेज वाचले होते आणि तरीही माझे नुकसान झाले.

माझ्या आजोबांच्या कीर्तनांच्या ४२ कॅसेट मी दोन उन्हाळे खर्चून संगणकावर उतरवल्या. लॅपटॉपवर जागा कमी म्हणून ते फोल्डर बाहेरच्या डिस्कवर ‘बॅकअप’ या फोल्डरमध्ये हलवले. त्याच ‘बॅकअप’मध्ये मी दर महिन्याला घरच्या जुन्या कागदपत्रांच्या ‘स्कॅन’ फोल्डरची प्रत ठेवत असे. पहिल्या महिन्यात मी नाव हाताने टाइप केले, ‘आरसिंक -एव्ही --डिलीट स्कॅन बॅकअप/’, आणि ‘बॅकअप’च्या पोटात ‘स्कॅन’ नावाचे फोल्डर नीट तयार झाले. पुढच्या महिन्यात घाईत ‘स्कॅ’ इतके लिहून टॅबची कळ दाबली. टॅबने नाव पुरे केले आणि शेवटी स्वतःहून एक स्लॅश जोडला. त्या स्लॅशमुळे अर्थ बदलला: आता ‘स्कॅन’ हे फोल्डर नव्हे, तर त्याच्या आतला ऐवज ‘बॅकअप’शी जुळवायचा होता, आणि ‘--डिलीट’मुळे जे ‘स्कॅन’मध्ये नाही ते ‘बॅकअप’मधून काढून टाकायचे होते. पडद्यावर पहिल्याच ओळी ‘डिलीटिंग कीर्तने/...’ अशा धावू लागल्या. कमांड थांबवायला कंट्रोल-सी दाबेपर्यंत सगळे संपले होते.

डिस्क लगेच काढून ठेवली, दुसऱ्या संगणकावर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत मिळवणारे साधन चालवले आणि आवाज परत मिळाले. नावे मात्र मिळाली नाहीत. प्रत्येक फाइलला आता एक लांबलचक आकडा आहे. रोज रात्री एक फाइल लावतो आणि आख्यान कोणते, पूर्वरंग की उत्तररंग, पेटीवर कोण बसले आहे, हे कान देऊन ओळखतो. ज्या कमांडमध्ये एका अक्षराने, तेही मी न लिहिलेल्या अक्षराने, इतका फरक पडतो आणि जी एकदाही ‘पुसू का?’ असे विचारत नाही, तिला गोंधळाची म्हणण्याचा हक्क मला आहे.

रावपुरेकर

ते टिपण माझे होते. आपल्या आजोबांच्या कीर्तनांचे वाचून मनापासून वाईट वाटले, पण माझे मत बदललेले नाही. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ साली आरसिंक प्रसिद्ध केले, आणि स्लॅशचा नियम मॅन पेजवर उदाहरणासह, अगदी ठळक जागी दिलेला आहे. हजारो ठिकाणी रात्रीच्या वेळी चालणाऱ्या स्क्रिप्ट, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या कमांडच्या फाइली, याच नियमावर उभ्या आहेत. उद्या कोणी तो बदलला, तर तुमच्यासारख्या एकाचे वाचेल आणि शंभर जणांचे बुडेल. शिवाय ‘-एन’ हा पर्याय कशासाठी आहे? तो लावला की काहीही न करता काय होणार आहे ते सगळे छापून दिसते.

आणि कटू वाटेल, पण बोलतो. लॅपटॉपवरून हलवल्यावर ती कीर्तने एकाच डिस्कवर उरली होती. फोल्डरचे नाव ‘बॅकअप’ ठेवल्याने बॅकअप होत नाही. तुमच्याकडे बॅकअप नव्हताच, मूळच तेवढे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा आमच्या तळमजल्यावरच्या टेबलाच्या खणात दोन डिस्क शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या आणि दोन्ही गढूळ पाण्यात गेल्या. माझे सगळे वाचले ते पुण्याला बहिणीच्या कपाटात तिसरी डिस्क होती म्हणून. त्या रात्री मला कोणत्याही कमांडला दोष देता आला नसता.

कारेलीबाग

रावपुरेकर, तिसऱ्या प्रतीबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. परंतु पूर येतो तेव्हा तो पूर आहे हे दिसते. येथे तर मदतीचे साधनच पाणी सोडते आणि वर काम यशस्वी झाल्याचे सांगते.

मी एका कारखान्याच्या लेखा विभागात संगणक सांभाळत होतो. रात्री दोनला क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या साधनातून) आरसिंक चालायचे, अर्थातच ‘--डिलीट’सह. एका रात्री मूळ डिस्क माउंटच झाली नाही, म्हणजे तिच्यासाठी ठरलेल्या फोल्डरशी जोडलीच गेली नाही. माउंटची जागा म्हणजे रिकामे फोल्डर, आणि आरसिंकने त्या रिकाम्या फोल्डरची अचूक प्रत केली, म्हणजे सहा वर्षांच्या हिशेबांची प्रत पुसून टाकली. वाचताना काही बिघाड झाला तर आरसिंक पुसणे आपणहून थांबवते, हे मला ठाऊक होते आणि त्यावर मी विसंबलो होतो; पण रिकामे फोल्डर हा त्याच्या लेखी बिघाड नाही. सकाळी मूळ डिस्क पुन्हा जोडल्यावर ती धडधाकट निघाली, म्हणून नोकरी राहिली. तेव्हापासून मी आधी ‘माउंटपॉइंट’ या कमांडने डिस्क खरोखर जागेवर आहे ना ते तपासतो आणि ‘--मॅक्स-डिलीट’ने पुसण्याला मर्यादा घालतो. पण हे शहाणपण मला ती रात्र गेल्यावर आले, मॅन पेज वाचून आले नाही.

मांडवी

स्लॅश एकदा कळला की कळला. माझे दुखणे वेगळे आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. जुन्या मॅकवरचे मराठी नावांचे फोल्डर आरसिंकने लिनक्सच्या संगणकावर आणले, तर काही फाइली दोन-दोन झाल्या. एकाच नावाच्या दोन फाइली एकाच फोल्डरमध्ये, डोळ्यांना तसूभर फरक दिसत नाही! ‘दुसऱ्या दिवसाचा हिशेब’ दोनदा, ‘अपुऱ्या नोंदी’ दोनदा, आणि ‘पहिला दिवस’ मात्र एकदाच. दोन आठवडे डोके फोडल्यावर लक्षात आले की ज्या नावात ‘ऱ’ आहे तेवढीच दुप्पट होत आहेत.

अलकापुरी

म्हणूनच फाइलींची नावे रोमन अक्षरांत ठेवावीत, हे मी वीस वर्षे सांगत आलो आहे. आतला मजकूर खुशाल मराठी असू द्या.

दांडियाबाजार

आपण हे किती सहज लिहिलेत! शंभर वर्षांहून अधिक काळ आमची घरे या शहरात आहेत, बाहेर गुजराती आणि घरात मराठी असा संसार आम्ही सांभाळला आहे, आणि आता आजोबांच्या कीर्तनाचे नाव कोणत्या लिपीत लिहायचे ते एका प्रोग्रॅमच्या सोयीने ठरवायचे? रोमन अक्षरांत ‘ळ’ आणि ‘ल’ वेगळे कसे लिहिणार? माझी आई ती नावे वाचून फाइल उघडते. तिला रोमन लिपी वाचताना त्रास होतो.

अलकापुरी

माझ्या मराठीपणाची परीक्षा घेऊ नका. हे मी अनुभवाने सांगतो, लाज वाटते म्हणून नाही. वडिलांच्या लेखांच्या फाइलींना मी संपूर्ण शीर्षके दिली होती. विंडोजच्या डिस्कवर ती व्यवस्थित होती. लिनक्सच्या डिस्कवर नेताना ‘नाव फार लांब आहे’ म्हणून ११ फाइली मागे राहिल्या. लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलव्यवस्थेत नावाला २५५ बाइटांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते, म्हणजे काना, मात्रा, हलन्त सगळे धरून ८५ चिन्हे. विंडोजची एनटीएफएस फाइलव्यवस्था बाइट मोजत नाही, म्हणून तेथे २५५ चिन्हे मावतात. ही सूचना लांबलचक यादीत वर सरकून गेली आणि चार महिने माझ्या ध्यानातच आले नाही. त्या ११ फाइली नंतर विंडोजच्या डिस्कसह गेल्या. आता सांगा, कोणाला घाई आहे मराठी सोडण्याची?

दांडियाबाजार

आपल्या वडिलांच्या लेखांचे वाचून माझा सूर चुकला हे कबूल करतो. परंतु रोमन नावांचा सल्ला मला आजही मान्य नाही.

कारेलीबाग

क्रॉनच्या लॉगची, म्हणजे कामाच्या नोंदींच्या फाइलीचीही, हीच रड आहे. तेथे ‘द’ हे एक अक्षर \#३४०\#२४४\#२४६ असे उमटते. ‘-८’ हा पर्याय दिला तरच नावे वाचता येतात. जे वाचता येत नाही त्यातली चूक माणूस पकडणार कशी?

मांडवी

‘ऱ’चे उत्तर मला अखेर सापडले आहे, ते लिहून ठेवतो. युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, ‘ऱ’ दोन प्रकारे लिहिता येतो: एक स्वतंत्र चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ आणि खाली नुक्ता (टिंब) अशा जोडीने. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइलव्यवस्था नावातला ‘ऱ’ फोडून जोडीनेच साठवत असे. आपला लिनक्सचा कीबोर्ड एकसंध चिन्ह देतो. म्हणून ‘दुसऱ्या’ हा शब्द येथे २१ बाइटांचा आणि तेथे २४ बाइटांचा. आरसिंक बाइट पाहते, तिला ही दोन वेगळी नावे वाटतात. मॅकवरून आरसिंक चालवताना ‘--आयकॉन्व्ह’ हा नावांचे रूप बदलणारा पर्याय ‘यूटीएफ-८-मॅक’ (मॅकचे फोडलेले रूप) यासह दिला की नावे जुळतात. तो आवृत्ती ३.०.० पासून आहे आणि मॅकवर कैक वर्षे २.६.९ हीच आवृत्ती येत असे, त्यामुळे नवी वेगळी घ्यावी लागते.

आधीच आणलेल्या फाइलींसाठी मी ‘कन्वएमव्ही’ हे नावे बदलणारे साधन ‘--एनएफसी’ या, चिन्हे एकसंध करणाऱ्या, पर्यायासह वापरले. पहिल्यांदा चालवले तर काहीच बदलले नाही. कोणते नाव बदलून काय होईल याची फक्त यादी आली. नीट वाचल्यावर कळले की हे साधन मुळातच काही करत नाही; ‘--नोटेस्ट’ असे स्पष्ट लिहिले तरच हात लावते.

दांडियाबाजार

पहिल्या दिवसापासून मी हेच मागतो आहे. रावपुरेकर, आपण ‘-एन’ लावायला सांगता, म्हणजे सुरक्षितता माणसाने आठवणीने मागायची. कन्वएमव्हीमध्ये ती न मागता मिळते आणि धोका तेवढा आठवणीने मागावा लागतो. नुसते नाव बदलणाऱ्या साधनाला हा विवेक सुचला, आणि हजारो फाइली पुसू शकणाऱ्याला सुचला नाही?

रावपुरेकर

तुलना बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. ‘--डिलीट’ दिल्यावर आधी यादी दाखवण्याची रीत सुरुवातीलाच ठेवली असती तर बरे झाले असते. आता ती बदलता येणार नाही, या मतावर मी ठाम आहे, कारण रात्री दोन वाजता यादी वाचायला कोणी जागे नसते. पण हाताने चालवणाऱ्यांनी काय करावे ते सांगतो. मी कमांड कधीच पुन्हा टाइप करत नाही. दोन्ही बाजूंना पूर्ण मार्ग आणि स्लॅश असलेली एक स्क्रिप्ट आहे. ती प्रथम ‘-एन’ने यादी दाखवते, ‘हो’ लिहिल्यावरच पुढे जाते, आणि ‘--बॅकअप-डिर’मुळे पुसायच्या फाइली तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते. ते फोल्डर ‘बॅकअप’च्या बाहेर ठेवा, नाहीतर पुढच्या खेपेला तेच पुसले जाईल. ‘मॅन पेज न वाचता’ हे शब्द मी टिपणातून काढून टाकतो.

कीर्तने किती ओळखायची राहिली आहेत?

दांडियाबाजार

२७ ओळखली, १५ राहिली. त्यांतल्या चारांत फक्त उत्तररंग आहे आणि आख्यान मला लागत नाही.

रावपुरेकर

माझी आई ८१ वर्षांची आहे आणि चातुर्मासात रोज कीर्तनाला जात असे. त्या चार फाइली एका पेन ड्राइव्हवर घालून रविवारी घेऊन या. प्रत आणा, मूळ डिस्क घरीच राहू द्या.