रझाकारी काळाच्या आठवणी १७ सप्टेंबरसाठी कशा जमवाव्यात?

बोरीकाठ: गाव नळदुर्ग भागातलं, १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात; रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. दरवर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, झेंडावंदन होतं, दोन भाषणं होतात, संपलं. १९४८ साली जे दहा वर्षांचे होते ते आता नव्वदीला टेकलेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करून गावात स्मृतिफेरी काढायची आणि नावांचा फलक लावायचा विचार आहे. म्हाताऱ्या माणसांना बोलतं कसं करावं? कागद कोणते बघावेत? आणि पोलीस ॲक्शननंतर (भारतीय लष्कराची हैदराबादवरची १९४८ची कारवाई) मुसलमान घरांवर जे बेतलं तेही घ्यावं का? यावरून गावात दोन मतं आहेत.

ध्वनिफीत: एकेकाला वेगळं गाठा. ओट्यावर चौघं बसले की मोठ्यानं बोलणाऱ्याचीच गोष्ट सगळ्यांची होते. बायकांशी बाईनंच बोलावं, तेही घरातली कर्ती माणसं रानात गेल्यावर. "साल कोणतं?" याला उत्तर मिळत नाही. पोळा झाला होता का, महालक्ष्म्या बसल्या होत्या का, ज्वारी पेरली होती का, असं विचारा. ॲक्शन १३ ते १७ सप्टेंबरची, म्हणजे पोळ्यानंतर आणि दसऱ्याआधी. त्यावरून गोष्ट ॲक्शनच्या आधीची की नंतरची ते लागतं.

मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, कॉलर माइक हनुवटीखाली एक वीत, पंखा बंद. पंख्याची घरघर नंतर काढायला गेलं की म्हाताऱ्या माणसाचा बारीक आवाजही तिच्यासोबत जातो. सुरुवातीलाच तारीख, गाव, नाव, वय बोलून घ्या. तासाभराच्या वर बसवू नका, दुसऱ्या दिवशी परत जा. फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये (आवाज न दाबता साठवणारा प्रकार), तीन प्रती, त्यातली एक गावाबाहेर. संमती लेखी घ्या आणि पर्याय तीन द्या: नावासह जाहीर, नाव न देता, किंवा हयात असेपर्यंत बंद.

जुनं दप्तर: निजामाच्या राज्यात सरकारी कागद उर्दूत, त्यामुळे वाचणारा आधी शोधा. तारखा फसली सनात (निजामाच्या सरकारी कालगणनेत) असतात आणि घोळ तिथंच होतो. हैदराबादचं फसली साल ऑक्टोबरात, आजूर महिन्यापासून सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या नोंदीत ५९० मिळवा, जानेवारीपासून पुढे ५९१. १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते सप्टेंबर १९४८, तुमच्या कामाचा काळ नेमका हाच.

स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनच्या फायलीत सरहद्दीवरच्या कॅम्पच्या (निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या तळांच्या) प्रमुखांची प्रमाणपत्रं सापडतात. पण अर्ज केला त्यांचीच नावं तिथं आहेत. कॅम्पला भाकरी पुरवणाऱ्या बायका आणि वारस नसलेले मयत त्यात नाहीत, ते तोंडी माहितीतूनच येतील. घरोघरचे कागद लॅमिनेट करू देऊ नका! ते प्लास्टिक पुन्हा निघत नाही. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता, शेजारी पट्टी ठेवून सरळ वरून फोटो घ्या.

वेशीपासून: शेवटच्या प्रश्नाबद्दल: घ्या, नक्की घ्या. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं ॲक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मेल्याचा अंदाज दिला. सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचा उस्मानाबाद आहे, म्हणजे तुमचाच भाग. रझाकारांनी जाळलेलं घर आणि नंतर रिकामी झालेली गल्ली एकाच फेरीत आली पाहिजे. नाहीतर अर्धं गाव दारं लावून बसेल, आणि त्यांचं बरोबरच असेल. मारणाऱ्यांची नावं मात्र फेरीत घेऊ नका. त्यांची नातवंडं तिथंच राहतात. ती नावं बंद रेकॉर्डिंगमध्ये असू द्यात.

फेरी झेंडावंदनानंतर लगेच, पाच-सहा थांबे: वेस, चावडी, गढी, बारव असे. थांब्याला पाच मिनिटं, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या. पावसाचे दिवस आहेत, म्हणून प्रदर्शन शाळेत मांडा. देवळात किंवा मशिदीत नको, सगळे येत नाहीत.

फलक फ्लेक्सचा केला तर रंग एका उन्हाळ्यात उडतो. काळ्या ग्रॅनाइटवर अक्षरं कोरून घ्या. प्रत्येक नावाला दोन वेगवेगळे आधार हवेत, एक तोंडी आणि एक कागदी, नाहीतर दोन निरनिराळ्या घरांतले तोंडी. कोरण्याआधी यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचा आणि महिनाभर चावडीवर लावून ठेवा. दगडावरचं चुकीचं आडनाव खोडता येत नाही. खाली चार-पाच ओळींची जागा कोरी सोडा, फलक लागल्यावर हमखास कुणीतरी राहिलेलं नाव घेऊन येतं.

बोरीकाठ: यादी या ग्रामसभेतच मांडतो. उर्दू वाचणारे एक निवृत्त गुरुजी तुळजापुरात आहेत, त्यांना विचारून बघतो.